दम्याची मुले आणि क्रीडांगण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संमेलनातील व्याख्यान भोजनापूर्वी ठेवावे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. वक्त्याने लांबण लावू नये म्हणून पूर्वसूरींनी योजलेला हा उपाय असावा. तेव्हा उपचाराच्या शब्दांत वेळ न दवडता आम्ही विषयाकडे वळतो. दम्याचा विकार असलेल्या मुलामुलींनी खेळावे की न खेळावे, आणि खेळावयाचे तर कोणत्या रीतीने, हा आजचा विषय होय. आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा शिक्षणक्रम पुरा केला व बत्तीस वर्षे शाळेत मुले शिकविली, एवढीच आमची विद्या. परंतु त्या बत्तीस वर्षांत कवायतीचा व खेळाचा तास बहुधा आमच्याच गळ्यात पडत असे. आणि मैदानाच्या कडेला बसून राहिलेली मुले डॉक्टरांपेक्षा शिक्षकाच्या दृष्टीस अधिक पडतात. तथापि वैद्यकाच्या प्रांतात आम्ही आगाऊपणे शिरलो असे कोणास वाटू नये, म्हणून प्रस्तुत मजकूर आपल्याच ज्ञातीतील एका बालरोगतज्ज्ञांच्या नजरेखालून आधी घालून घेतला आहे.

आपल्या भाषेत 'दम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. चढण चढताना दम लागतो, संकटात दम धरावा लागतो, उनाड पोराला दम भरावा लागतो, आणि दमदार गड्याचे आपण कौतुक करतो. त्याच शब्दाला एक काना जोडला की तो रोग होतो. या शब्दसाम्यामुळेच की काय, धावल्यावर लागणारा दम आणि दमा यांची आपल्या घरांतून सर्रास गल्लत होते. चरकाचार्यांनी ती केली नव्हती. त्यांनी श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांतील तमकश्वास आपल्या दम्याशी पुष्कळसा जुळतो. आणि क्षुद्रश्वास म्हणजे श्रमाने लागणारी व विसाव्याने शमणारी साधी धाप. धावून आलेल्या मुलाची छाती वरखाली होताना पाहून ज्या माउलीचा जीव खालीवर होतो, तिला हा भेद प्रथम समजला पाहिजे.

दम्याच्या मुलाच्या श्वासनलिकांना आतून नेहमीच थोडी सूज असते. मूल हसत-खेळत असते, अंगात ताप नसतो, म्हणून ती सूज आपणांस दिसत नाही इतकेच. अशा नलिका धूळ, धूर, परागकण, सर्दीपडसे किंवा थंड हवा यांच्या स्पर्शाने चटकन आखडतात, आत चिकट कफ साचतो, आणि श्वास, विशेषतः बाहेर टाकताना, शिटीसारखा वाजू लागतो. आता धावताना काय घडते ते पाहा. स्वस्थ बसलेले मूल नाकाने श्वास घेते. नाक हवेला ऊब देते, ओलावा देते आणि मग ती आत सोडते. धावू लागले की नाकाने भागत नाही. तोंड उघडते आणि कोरडी, थंड हवा भराभर आत जाते. तिला ओलावा देता देता नलिकांचे आतील अस्तर कोरडे पडते, त्यातून नलिका आखडविणारी द्रव्ये सुटतात आणि धाप सुरू होते.

यातील एक गोष्ट शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साधी धाप थांबल्याबरोबर ओसरू लागते. दम्याची धाप पुष्कळदा थांबल्यावरच वाढते. खेळ संपल्यावर पाचदहा मिनिटांनी ती ऐन जोरात येते आणि मग अर्ध्या तासाने, तासाभराने निवळते. म्हणजे मैदानावर मूल ठीक दिसते आणि पुढच्या गणिताच्या तासाला खोकू लागते. तो खोकला गणिताच्या भीतीचा आहे असे निदान करणारे आमचे व्यवसायबंधू आम्ही पाहिले आहेत. खेळानंतरचा असा कोरडा, लांबणारा खोकला वारंवार दिसला, तर 'उन्हातून आला, पाणी प्याला' असे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळ मुलांत दम्याचे पहिले लक्षण हेच असते.

असो. मूल धापा टाकते, म्हणून आपण त्यास खेळू देत नाही. येथूनच खरे दुष्टचक्र सुरू होते. न खेळणाऱ्या मुलाचे हृदय व स्नायू दुबळे राहतात. मग दोन जिने चढतानाही त्यास धाप लागते. ती धाप दम्याची नसते, बसून राहण्याची असते. परंतु घरची मंडळी ती दम्याच्या खात्यावर मांडतात आणि मुलास आणखी बसवून ठेवतात. वजन वाढते, आणि वाढलेले वजन दम्याला पोषकच ठरते. याउलट, व्यवस्थित शिक्षण घेऊन व्यायाम करणाऱ्या दम्याच्या मुलांचे निरीक्षण देशोदेशी झालेले आहे. व्यायामाने दमा मुळापासून जात नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे; पण मुलाची दमछाक होण्याची मर्यादा पुढे जाते, अंगात काटकपणा येतो, आणि विकार ताब्यात असताना केलेल्या व्यायामाने तो बळावत नाही, असेच त्या निरीक्षणांत आढळले.

आमच्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. शाळेचे वा गावाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. वर्षारंभी वडिलांची चिठ्ठी आली : 'यास खेळास पाठवू नये.' मुख्याध्यापकांनी तीवर शेरा मारून ती कायमची दप्तरी लावून टाकली. खेळाच्या तासाला तो निंबाखाली बसे आणि खेळणारी मुले आपल्या चपला, घड्याळे, क्वचित दोनचार नाणी त्याच्या हवाली करीत. पुढे पुढे मुलांनी त्यास 'राखणदार' म्हणावयास आरंभ केला. मुले निष्ठुर असतात असे नव्हे. त्यांना नावे चटकन सुचतात. त्या मुलाचे अक्षर वळणदार होते, हिशेब अचूक होता, परंतु कोणत्याही गोष्टीत आपण होऊन हात वर करण्याचे तो विसरून गेला होता. दम्याने त्याचा श्वास महिन्यातून एखाद्या वेळी कोंडला जाई. त्या चिठ्ठीने तो रोज कोंडला जात होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही त्याच्या वडिलांना दोनदा भेटलो. तिसऱ्या भेटीत ते आमच्यासमवेत तालुक्याच्या डॉक्टरांकडे येण्यास तयार झाले. त्या तरुण डॉक्टरांनी मुलाला रोज ओढावयाचे औषध सुरू केले, आणि तीन महिन्यांनी तपासून एका कागदावर लिहून दिले : खेळू द्यावे, खेळापूर्वी काय करावे, त्रास झाल्यास काय करावे. ती दुसरी चिठ्ठी पहिलीच्या जागी दप्तरी लागली. त्यास आम्ही खो-खोत घेतले, तेही विचारपूर्वक. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी पाटीवर बसलेले असतात व एकच धावतो. खो दिला की धावणाऱ्यास बसावयास मिळते. थोडे धावणे आणि थोडा विसावा, हा क्रम त्या खेळाच्या रचनेतच आहे. नववीत तो शाळेच्या संघात होता. संघ तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात हरला, हेही सत्याला स्मरून सांगितले पाहिजे. पण त्या दिवशी चपला राखावयास कोणी नव्हते आणि आमच्या दोन जोड चपला चोरीस गेल्या, याचा त्या मुलास जो आनंद झाला, तो आम्ही विसरलो नाही.

आता पंपाविषयी. ज्या औषधाने हे साधते त्याबद्दल आपल्या घरांतून जितके गैरसमज आहेत तितके विषाबद्दलही नसतील. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटची पायरी', 'गोळी सौम्य, पंप जहाल' ही वाक्ये आम्ही सुशिक्षित कुटुंबांत ऐकली आहेत. यावर आम्ही शिक्षकी पेशास अनुसरून एक त्रैराशिक मांडतो. सॅल्ब्युटामॉल नावाचे नलिका मोकळ्या करणारे औषध आहे. त्याच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची मिळते. एका गोळीत किती फवारे झाले? चाळीस! गोळी पोटात जाऊन, रक्तात मिसळून, सर्व शरीर हिंडून छातीत पोचते; वाटेत हात कापवते, काळीज धडधडवते. फवारा जेथे जावयाचा तेथेच जातो. तेव्हा जहाल कोणते, हे आपणच ठरवावे.

या पंपाचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९५६ पूर्वी दम्याचे औषध ओढावयाचे म्हणजे रबरी फुग्याची, सहज फुटणारी काचेची नळी वापरावी लागे. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारावयाचा फवारा जसा डबीतून सुटतो, तसे माझे औषध का सुटू नये, असे तिने वडिलांना विचारले. वडिलांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. १९५६ साली मोजक्या मात्रेचा पहिला फवारा बाजारात आला.

मात्र पंप दोन प्रकारचे असतात आणि दोहोंचे काम निराळे, हे पालकांनी पक्के समजून घ्यावे. एक तत्काळ नलिका मोकळ्या करणारा. दुसरा सूज हळूहळू उतरविणारा व डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यावयाचा. पुष्कळ घरी पहिल्यावरच सारी भिस्त असते, कारण त्याचा गुण लगेच दिसतो. हे म्हणजे गळक्या छपराखाली घमेले ठेवून छपराची दुरुस्ती न करण्यासारखे आहे. बारा वर्षांवरील मुलांनी व प्रौढांनी केवळ पहिल्या पंपावर राहू नये, असे २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतच सांगितलेले आहे. दुसऱ्या पंपात स्टिरॉइड असते म्हणून भय वाटते. त्यात तथ्यांश मुळीच नाही असे म्हणून आम्ही आपली फसवणूक करणार नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, लहानपणी असे औषध काही वर्षे घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. बोटाच्या पेराहूनही हे अंतर कमी आहे. न आवरलेल्या दम्याने वाढीची व जिवाची जी हानी होऊ शकते, तिच्याशी याची तुलना आईबापांनी शांतपणे करावी. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध, किंवा मृगाच्या सुमारास हैदराबादेस जिवंत माशाबरोबर दिले जाणारे औषध, यांसाठी आपल्यातील काही कुटुंबे जातात. श्रद्धेशी आम्ही वाद घालीत नाही; परंतु तेथून आल्यावर रोजचे औषध परस्पर बंद करू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

दम्याचे माणूस खेळात चमकत नाही, असा ज्यांचा ग्रह आहे त्यांनी ऑलिंपिकचा इतिहास पाहावा. १९८४ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धेत अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना श्रमाने उठणारा दमा होता, आणि त्यांनी मिळून ४१ पदके मिळविली. ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझर या जलतरणपटूस बाळपणापासून दमा होता. १९५६, १९६० व १९६४ अशा तीन लागोपाठच्या ऑलिंपिकांत १०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक तिने घेतले. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफने २००३ साली लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, आणि तिचा दमा चौदाव्या वर्षीच ओळखला गेलेला होता. परंतु आम्हांस विशेष सांगावयाची आहे ती जॅकी जॉयनर-कर्सी. तिच्या सप्तस्पर्धेचा १९८८ सालचा ७२९१ गुणांचा विश्वविक्रम तीन तपे उलटली तरी मोडलेला नाही. महाविद्यालयात असताना तिला दमा असल्याचे कळले, तेव्हा खेळावयास बंदी होईल या भीतीने तिने तो लपविला आणि औषधांकडेही दुर्लक्ष केले. पुढे एका जबर झटक्याने ती जिवावरच्या प्रसंगातून गेली, तेव्हा कोठे तिने औषध नियमित केले. आणि नंतर हे सारे तिने स्वतःच जाहीरपणे सांगितले.

लपविण्याची ही गोष्ट आमच्या ज्ञातीस लागू पडते, म्हणून तीवर थोडे थांबतो. कटू बोलल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. आपल्या घरांतून मुलाचा दमा सांगितला जातो, मुलीचा मात्र लपविला जातो. कारण उघड आहे. वधूवर सूचीत नाव जावयाचे असते. गेल्या वर्षी आपल्याच संमेलनात मुलींच्या धावण्याच्या शर्यतीनंतर एक चौदा वर्षांची मुलगी मंडपामागे वाकून धापा टाकीत असलेली आम्हांस आढळली. तिचा पंप तिच्या आईच्या पर्समध्ये होता, आणि आई शंभर पावलांवर होती. परंतु 'लोकांत काढू नकोस' अशी ताकीद असल्यामुळे ती मुलगी आईकडे गेली नाही. आम्ही आईस बोलावून आणले. आईने प्रथम इकडेतिकडे पाहिले आणि मग पंप काढला. मुलगी अर्ध्या तासात सावरली. त्या पाहण्यात जे काही क्षण गेले, त्यांबद्दल त्या माउलीस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही. तिने ज्यांच्याकडे पाहिले ते आपणच होतो. चष्मा लावणाऱ्या मुलींची लग्ने पूर्वी अडत असत. आता कोणी विचारीतही नाही. ज्या मुलीचा दमा ताब्यात आहे, जी धावते, पोहते, ती मुलगी प्रकृतीने अधू आहे असे कोणत्याही डॉक्टरने म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही.

आता खेळ कोणते, हे पाहू. पोहणे हे दम्यास मानवते, कारण पाण्यालगतची हवा ओलसर असते. मात्र बंदिस्त तलावात क्लोरीनचा उग्र दर्प येत असेल आणि त्याने खोकला येत असेल, तर तो तलाव सोडावा, पोहणे सोडू नये. बॅडमिंटन, क्रिकेट, व्हॉलीबॉल, लंगडी, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांत थांबत थांबत श्रम होतात. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची. मग परत येऊन श्वास घ्यावयास सवड मिळते. लांब पल्ल्याचे धावणे, फुटबॉल, हॉकी, चढावर सायकल हाकणे यांत श्रम सलग असतात म्हणून ते अवघड. पण अवघड म्हणजे वर्ज्य नव्हे, हे वरील पॉलाबाईंच्या उदाहरणावरून उघड आहे. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो व मन स्थिर होते. तो अवश्य करावा, परंतु तो औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे.

खेळापूर्वी दहापंधरा मिनिटे अंग गरम करावे. सावकाश पळणे, मध्ये चालणे, पुन्हा थोडे जोराने पळणे, अशा टप्प्यांनी केले तर नलिका नंतरच्या श्रमाला पुष्कळ मुलांत कमी चिडतात. आमच्या जुन्या तालमीतले वस्ताद जोर-बैठका झाल्याशिवाय आखाड्यात उतरू देत नसत, ते उगाच नव्हे. शेवटीही एकदम बसू नये. पाच मिनिटे चालावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळापूर्वी दहापंधरा मिनिटे पंप घ्यावा. सर्दी, ताप किंवा रात्रीचा खोकला असेल त्या दिवशी मुलाला विश्रांती द्यावी. पौष-माघाच्या पहाटे थंडी फार असते, तेव्हा तोंडानाकावर रुमाल बांधावा किंवा ऊन पडल्यावर खेळावे. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात मैदानावर जाऊ नये. मैदान धुळीचे असल्यास आधी पाणी शिंपावे. आणि मैदानाच्या कडेने माजणारे गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटून टाकावे, तेही दम्याच्या मुलांकडून नव्हे. हे गवत पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम दृष्टीस पडले. आज ते नाही असे पटांगण दाखवावयास कठीण आहे, आणि त्याच्या परागांनी त्वचेला व श्वासाला दोहोंना उपद्रव होतो.

जी मुले राज्य वा राष्ट्रीय पातळीपर्यंत जातील, त्यांच्या पालकांनी औषधांची नावे लेखी कळविण्याची काळजी घ्यावी. १९७२ साली म्यूनिकला रिक डीमॉण्ट या सोळा वर्षांच्या अमेरिकन जलतरणपटूचे ४०० मीटरचे सुवर्णपदक, दम्याच्या औषधातील एफेड्रिनमुळे काढून घेण्यात आले. त्याने ते औषध अर्जात नमूद केले होते. ते पुढे कळविण्यात अधिकाऱ्यांनी कुचराई केली. आज सॅल्ब्युटामॉलचा फवारा ठरावीक मात्रेपर्यंत चालतो; स्टिरॉइडच्या गोळ्या स्पर्धेच्या काळात चालत नाहीत.

शेवटी, झटका आल्यास काय करावे ते सांगतो. खेळ तत्काळ थांबवावा. मुलाला आडवे करू नये, ताठ बसवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, भोवती गर्दी होऊ देऊ नये. तत्काळ आराम देणारा पंप नळकांड्यासारख्या स्पेसरमधून द्यावा. एकेक फवारा, प्रत्येकानंतर चार-पाच श्वास, आणि किती फवारे ते डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर वाहनाची वाट पाहताना फवारे चालू ठेवून रुग्णालय गाठावे. असे मूल शांत होऊन पेंगू लागले तर ते बरे झाले असे समजू नये. ते दमून हरत चाललेले असते.

आमच्या विनंतीवरून कार्यकारिणीने तीन गोष्टी मान्य केल्या आहेत. क्रीडास्पर्धांच्या अर्जात 'श्वासाचा विकार आहे काय, औषध कोणते' असा रकाना राहील आणि तो मजकूर केवळ क्रीडाप्रमुख पाहतील, वधूवर समितीकडे जाणार नाही. प्रत्येक शर्यतीपूर्वी सर्वच मुलांचे अंग गरम करून घेतले जाईल. आणि प्रथमोपचाराच्या पेटीत एक पंप व एक स्पेसर राहील. त्याचा खर्च एका सभासदांनी, नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, दिलेला आहे. भोजनोत्तर चार वाजेपर्यंत आपले बालरोगतज्ज्ञ वाचनालयाच्या खोलीत बसणार आहेत. ज्यांच्या मुलांस दमा आहे त्यांनी मुलांना व त्यांच्या पंपांना बरोबर घेऊन जावे. पंप ओढण्याची रीत बरोबर आहे की नाही ते डॉक्टर पाहतील, आणि खेळाविषयीचा कागद जागेवरच लिहून देतील.